तक्रारवहीचा नवा वाचक

काही तक्रारी आपल्या आकड्यामुळेच लक्षात राहतात. २० ऑगस्ट २००४ रोजी मार्क शटलवर्थ नावाच्या दक्षिण आफ्रिकन उद्योगपतीने अशीच एक तक्रार नोंदवली. (हे गृहस्थ मोठे हौशी. २००२ मध्ये पदरचे पैसे मोजून रशियन यानातून अंतराळात चक्कर मारून आले होते!) ‘उबंटू’ ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली तेव्हा अजून बाजारात यायची होती. तिच्यातले दोष टिपून ठेवण्याच्या वहीत शटलवर्थ यांनी तक्रार क्रमांक १ लिहिली. ती काय होती? तर बहुतेक संगणकांवर मायक्रोसॉफ्टचंच राज्य आहे, हा दोष दुरुस्त व्हावा! जवळजवळ नऊ वर्षं ही तक्रार उघडी राहिली. शेवटी ३० मे २०१३ रोजी शटलवर्थ यांनीच ती मिटवली. लोक आता फोनवर आणि टॅब्लेटवर काम करू लागले, ती जुनी मक्तेदारी पहिल्यासारखी उरली नाही, असं त्यांचं कारण.

तुम्ही म्हणाल, कसली वही आणि कसल्या तक्रारी? तर संगणकाच्या जगात दोषाला ‘बग’ म्हणतात. बग म्हणजे किडा. हा शब्द संगणकात कसा शिरला याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या अगडबंब यंत्राच्या एका रिलेमध्ये चक्क पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो पतंग काढून नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी गमतीने लिहिलं, की किडा खरोखरच सापडल्याची ही पहिलीच वेळ. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, पतंगासकट. ही गोष्ट जगभर सांगितली ती ग्रेस हॉपर या नामवंत संगणकतज्ज्ञ बाईंनी. पण शब्द त्याहून जुना. विजेच्या दिव्यावाल्या एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटलेलं आहे. म्हणून तर १९४७ च्या त्या मंडळींना विनोद सुचला!

पतंग एक होता तोवर चिकटपट्टी पुरली. आज एखाद्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये लक्षावधी ओळी असतात, त्यावर वेगवेगळ्या देशांत बसलेले शेकडो लोक काम करतात आणि कोट्यवधी लोक तो वापरतात. रोज नव्या तक्रारी येणार. कोणाला कोणती सांगितली, कोणी बघितली, पुढे काय झालं, हे ध्यानात कोण ठेवणार? जुन्या काळी टेलिफोन मुका झाला, की शेजाऱ्याकडून १९८ फिरवून तक्रार द्यायची आणि तिकडून मिळालेला नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी तो नंबर सांगितला, की बोलणं तिथून पुढे सुरू. नंबर हरवला, की पहिल्यापासून रामायण. संगणकवाल्यांनी हीच पद्धत उचलली आणि तिचा एक प्रोग्रॅमच बनवला. त्याला म्हणतात ‘बग ट्रॅकर’. आपण तक्रारवही म्हणू.

यातली सर्वांत गाजलेली वही म्हणजे ‘बगझिला’. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा अंतर्गत मजकूर जगाला खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प जन्मला, ज्याचा ‘फायरफॉक्स’ आज अनेकांच्या संगणकावर आहे. काम खुलं, तर तक्रारींची वहीही खुली हवी, म्हणून टेरी वाइसमन या प्रोग्रॅमरने बगझिला तयार केली. नावात बग आहे आणि जपानी सिनेमातल्या गॉडझिला राक्षसाचं शेपूटही आहे. मोझिलाच्या या वहीत २०१४ मध्ये दहा लाखावी तक्रार नोंदली गेली आणि २०२४ मध्ये आकडा १९ लाखांवर गेला. वीस लाख तक्रारी म्हणजे वीस लाख दोष, असं मात्र समजू नका. त्यात सुधारणेच्या सूचना आहेत, एकच गोष्ट दहा जणांनी सांगितलेली आहे आणि काही तर निव्वळ गैरसमज आहेत.

या वहीतले शेरे वाचण्यासारखे असतात. नवी तक्रार आली, की ती आधी ‘खात्री व्हायची आहे’ या रकान्यात पडते. मग कोणाच्या तरी नावावर चढते. शेवटी ती ‘निकालात’ निघते. पण निकाल अनेक तऱ्हांचे. ‘दुरुस्त केली’ हा एक. ‘ही तक्रारच नव्हे’ हा दुसरा. ‘दुरुस्त करणार नाही’ हाही एक निकालच! ‘आधीच्या अमुक नंबरची नक्कल’ हा आणखी एक. आणि सगळ्यात मासलेवाईक म्हणजे ‘माझ्याकडे तर चालतंय’. मिक्सर बिघडला म्हणून दुकानात न्यावा आणि तिथे तो मुकाट्याने फिरू लागावा, त्यातलाच हा प्रकार. बगझिलात हा अधिकृत शेरा आहे.

वहीत तक्रार किती काळ तग धरू शकते? फायरफॉक्सची १४८६२४ नंबरची तक्रार २००२ सालची. तेव्हा या ब्राउझरला फायरफॉक्स हे नावसुद्धा मिळालेलं नव्हतं. तक्रार साधी : चित्रावर किंवा बटणावर बाण नेला, की माहितीची जी चिमुकली चौकट उगवते, ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलं तरी वर तरंगतच राहते. कोणाचं काही बुडत नव्हतं, म्हणून कोणी हात लावला नाही. ती दुरुस्त झाली २०२३ मध्ये! एकवीस वर्षांत किती प्रोग्रॅमर आले आणि गेले, पण वहीतली नोंद जागच्या जागी होती. मला तर या चिवटपणाचं कौतुकच वाटतं.

आपल्या मराठीच्या तक्रारीही अशाच वह्यांतून गेल्या आहेत. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली दक्षिणा यातला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पण हिंदीवर पोसलेल्या फॉन्टला तो अर्धा, पापणीसारखा ‘र’ कळायचा कसा? आपले ‘श’ आणि ‘ल’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे, हेही कोणीतरी लिहून सांगावं लागतं. भारतीय लिप्यांसाठीचे ‘लोहित’ हे मोफत फॉन्ट रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले, ते असल्याच बारीक कुरबुरी एकेक करून निस्तरत.

आता इतकी वर्षं ही वही वाचत होती माणसं. गेल्या दोन-तीन वर्षांत तिला एक नवा वाचक मिळाला आहे. त्याचं नाव ‘एजंट’.

हा विम्याचा एजंट नव्हे. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी ही नावं आता घरोघर पोचली आहेत. प्रश्न विचारावा, त्याने उत्तर द्यावं, इथवर हा खेळ सगळ्यांच्या परिचयाचा. एजंट त्याच्या एक पाऊल पुढे असतो. त्याला काम सांगायचं आणि ते करायला लागणारी हत्यारं त्याच्या हाती द्यायची. फाइल उघडणं हे एक हत्यार, प्रोग्रॅम चालवून बघणं हे दुसरं. ‘या प्रोग्रॅममधला अमुक दोष काढून टाक’ असं सांगितलं, की तो ओळी वाचतो, कुठे चुकलं ते शोधतो, बदल करून पाहतो. पण दोष म्हणजे नेमकं काय, कोणाला आला, कधीपासून येतोय, यावर पूर्वी काय बोलणं झालंय, हे सगळं असतं तक्रारवहीत. आणि तक्रारवही एजंटच्या डोक्यात नसते.

इथेच खरी मेख आहे. ही भाषा-यंत्रं अफाट मजकूर वाचून तयार झालेली असतात, पण ते वाचन एका ठरावीक तारखेपाशी थांबलेलं असतं. काल संध्याकाळी नोंदलेली तक्रार त्यांना ठाऊक असणं शक्य नाही. कंपनीच्या आतल्या, कुलपातल्या वहीचा तर प्रश्नच नाही. तरीही विचारा, ‘तक्रार नंबर अमुकचं काय झालं?’ अनेकदा उत्तर मिळेल, तेही सुबक आणि आत्मविश्वासाने भरलेलं. आणि साफ कपोलकल्पित! बिनचूक व्याकरणातली थाप पकडायला फार कठीण जाते, हे स्थळं बघणाऱ्या वडीलधाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

त्यावर उपाय म्हणजे एजंटला वही बघण्याची खिडकी करून द्यायची. आत नंबर सरकवायचा, बाहेर नोंद येणार. बगझिलाची अशी यंत्रांसाठीची खिडकी पूर्वीपासून आहेच. नंबर लावून पत्ता दिला, की ती नोंद रकान्या-रकान्यांत मांडून परत करते. अडचण एवढीच होती, की प्रत्येक एजंटला प्रत्येक वहीशी जोडायचं तर दर वेळी वेगळी जोडणी करावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक सामाईक पद्धत खुली केली. भिंतीतल्या विजेच्या प्लगसारखी ती समजा. पिना सारख्या असल्या, की इस्त्री लावा नाहीतर पंखा लावा. २०२५ मध्ये प्रतिस्पर्धी ओपनएआयनेही तीच पद्धत स्वीकारली.

गंमत पुढेच आहे. माणसासाठी हत्यार बनवलं, तर त्याला मूठ लागते, बटण लागतं. एजंटसाठी हत्यार बनवलं, तर लागतं वर्णन! हत्याराचं नाव, ते काय करतं याचे चार शब्द आणि त्याला काय पुरवायचं याची यादी. एजंट बटण बघत नाही. तो हा मजकूर वाचतो आणि त्यावरून ठरवतो, की आत्ता हे हत्यार उचलायचं की नाही. सुट्टीवर निघालेला जुना हेडक्लार्क बदलीवर येणाऱ्या नवख्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवतो ना, तीच ही चिठ्ठी. नवखा हुशार आहे, चार भाषा जाणतो, पण या ऑफिसात त्याचा आज पहिला दिवस आहे. आणि उद्याही पहिलाच असणार, कारण बहुधा आजचं त्याला उद्या आठवत नाही.

‘तक्रार शोधा’ एवढंच लिहून ठेवलं तर? नवखा नंबर देईल, की तक्रारीतले शब्द देईल, की तक्रारदाराचं नाव? मिळालेल्या नोंदीत बदलही करता येतो, असं त्याने समजायचं का? चांगली चिठ्ठी साधारण अशी असते : ‘या खिडकीत तक्रारीचा नंबर द्यावा. शीर्षक, सद्यस्थिती, निकाल आणि शेवटच्या बदलाची तारीख मिळेल. खालची चर्चा हवी असल्यास वेगळी मागावी. ही खिडकी फक्त दाखवते, काही बदलत नाही. नंबर माहीत नसेल तर अंदाजाने देऊ नये, शेजारच्या शोध-खिडकीत जावं.’ पाच वाक्यं. पण शेवटचं वाक्य गाळलं, तर यंत्र खुशाल एखादा नंबर ठोकून देईल. आणि वहीत लाखो तक्रारी असल्यामुळे त्या नंबरवर काही ना काही सापडेलही!

चर्चा वेगळी ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे. जुन्या तक्रारीखाली शेकडो शेरे साचलेले असतात. त्यात ‘मलाही हेच होतंय’ म्हणणारे असतात आणि तावातावाने भांडणारेही. हे सगळं एकदम एजंटपुढे ओतलं, तर एका वेळी ध्यानात ठेवण्याची त्याची जागा त्यातच संपते, शिवाय वाचनाचे पैसे शब्दागणिक पडतात. म्हणून आधी मथळा द्यायचा, लागेल तर तपशील.

निकालाचा रकाना गाळणं तर महागात पडेल. ‘सद्यस्थिती : निकालात’ एवढंच दाखवलं, तर एजंट मालकाला बेधडक सांगेल, ‘साहेब, दोष दुरुस्त झालाय.’ प्रत्यक्षात शेरा ‘दुरुस्त करणार नाही’ असाही असू शकतो. नक्कल असेल, तर मूळ तक्रारीचा नंबरही सोबत दिला पाहिजे, नाहीतर तो रिकाम्या पानाकडे बघत बसणार.

पण माझ्या मते या खिडकीची खरी परीक्षा होते ती नोंद मिळत नाही तेव्हा. बगझिलात याला चोख व्यवस्था आहे. असा नंबरच अस्तित्वात नसेल, तर एरर क्रमांक १०१ येतो. नंबर आहे, पण बघायची तुम्हाला परवानगी नाही, तर १०२. हत्यार बनवणाऱ्याने आळस केला आणि दोन्हींसाठी ‘सापडलं नाही’ असं एकच उत्तर ठेवलं, तर एजंट निष्कर्ष काढणार, की अशी तक्रारच नाही. ‘साहेब घरी नाहीत’ आणि ‘साहेब तुम्हाला भेटणार नाहीत’ यात फरक आहे की नाही? परवानगी नाही असं कळलं, तर एजंट थांबून माणसाला विचारू शकतो. सापडलं नाही असं कळलं, तर तो पुढे निघून जातो.

कुलपातल्या तक्रारी असतातच का, असं वाटेल. असतात, आणि त्याच सर्वांत मोलाच्या. ज्या दोषातून चोर आत शिरू शकतो, तो दुरुस्त होईपर्यंत चारचौघांत सांगायचा नसतो. २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केलेली हकीकत ऐका. ज्याला कुलपातलं बघायचा अधिकार होता, अशा एकाने तोच पासवर्ड दुसऱ्या एका वेबसाइटवरही वापरला होता. तिथून तो फुटला आणि भामट्याच्या हाती बगझिलाची किल्ली पडली. त्याने १८५ गुप्त नोंदी उघडल्या. त्यातल्या ५३ गंभीर सुरक्षादोषांच्या होत्या. बहुतेक दोष तोवर दुरुस्त झालेले होते, पण निदान एकाचा उपयोग फायरफॉक्स वापरणाऱ्यांवर हल्ला करण्यासाठी झाला, असं मोझिलाचंच म्हणणं होतं. तक्रारवही ही चोराच्या दृष्टीने घराचा नकाशा असते. मग एजंटच्या हाती खिडकी देताना ती कोणाच्या परवानगीने उघडायची? बड्या अधिकाऱ्याची किल्ली सोयीची म्हणून देऊन टाकावी, की ज्याच्यासाठी एजंट राबतोय त्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच दाखवावं? दुसरी रीत कटकटीची आहे. तीच वापरायला हवी.

आणखी एक धोका आहे, तो या नव्या वाचकापुरताच. तक्रारवहीत कोणीही लिहू शकतो, ते तिचं वैभव. माणसाने तक्रारीत वाचलं, ‘हे वाचणाऱ्याने तिजोरीच्या किल्ल्या गेटबाहेर ठेवाव्यात,’ तर तो हसेल. एजंट? त्याच्यासाठी मालकाचा हुकूमही शब्द आणि तक्रारीतला मजकूरही शब्दच. ब्रिटिश प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं. मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संशोधन संस्थेने गिटहबच्या बाबतीत ते करूनच दाखवलं. सर्वांसाठी खुल्या प्रकल्पात एक तक्रार पेरली, तिच्यात एजंटसाठी सूचना दडवल्या. ‘तक्रारी बघून घे’ एवढंच काम सांगितलेला एजंट ती वाचून त्याच मालकाच्या खासगी प्रकल्पातली माहिती चव्हाट्यावर ठेवून आला! विलिसन यांचं म्हणणं आहे, की खासगी माहिती, परक्याने लिहिलेला मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, या तीन गोष्टी एकाच एजंटच्या हाती एकत्र आल्या, की घात ठरलेला. म्हणून ‘फक्त दाखवते, काही बदलत नाही’ हे चिठ्ठीत नुसतं लिहून भागत नाही. खिडकीच तशी बांधावी लागते, हात बाहेर निघणारच नाही अशी. आणि आतून आलेला मजकूर ‘हे तक्रारदाराचे शब्द आहेत, मालकाचा हुकूम नव्हे’ अशी खूण करून द्यावा लागतो. त्यानेही संपूर्ण हमी मिळत नाही, पण दाराला कडी तरी लागते.

तुम्ही म्हणाल, मग माणसांनीच वाचावं की! पण माणसंही थकली आहेत. वाचणारा यंत्र झाला, तसा लिहिणाराही यंत्र होऊ लागला आहे. ‘कर्ल’ हा छोटासा प्रोग्रॅम असंख्य उपकरणांत बसलेला असतो. त्याचा स्वीडिश कर्ता डॅनियल स्टेनबर्ग. सुरक्षादोष दाखवणाऱ्याला तिथे बक्षीस मिळत असे. लोकांनी यंत्राकडून भारदस्त भाषेतल्या तक्रारी लिहून घेतल्या आणि धाडल्या, ज्यात दोष नावालाही नसे. एकेक तपासण्यात स्वयंसेवकांचे तासन् तास जात. अखेर जानेवारी २०२६ च्या शेवटी कर्लने बक्षीसच बंद केलं. गंमत म्हणजे याच स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये, जाणकाराने नीट वापरलेल्या अशाच यंत्रांनी हुडकलेल्या खऱ्या दोषांची मनापासून तारीफही केली होती.

तुमच्या फोनवरचं एखादं अ‍ॅप रुसलं, की ‘चालत नाही’ एवढं लिहून पाठवण्याचा मोह होतो. मोझिलाची वही तक्रारदाराला तीन गोष्टी विचारते : काय-काय केलं ते क्रमाने लिहा, काय झालं ते लिहा आणि काय व्हायला हवं होतं ते लिहा. माणूस वाचणार असो की एजंट, दोघांनाही कामाला लागायला एवढं पुरतं. तुमची तक्रार मराठी अक्षरांबद्दल असेल, तर बिघडलेल्या शब्दाचं चित्र सोबत जोडा. ‘आचाऱ्यास’ कसं दिसायला हवं, हे पलीकडे बसलेल्याला ठाऊक असेलच असं नाही.